एकादशीच्या भगरीत धातूचे मीठ

श्रीगजाननास वंदन करून, आणि घरच्यांनी ‘ती एकादशीची हकीकत एकदा लिहाच’ असा आग्रह धरल्यामुळे, हे लिहीत आहे. माझ्या शास्त्राध्ययनाचा लोकांच्या पोटापर्यंत परिणाम एकदाच झाला. तो असा.

माझी धाकटी विधवा बहीण द्वारका ठाण्यास आमच्याकडे राहत असे. कल्याणच्या एका देवस्थानास नैवेद्याच्या सोवळ्यातील स्वयंपाकासाठी बाई हवी होती; राहावयास स्वतंत्र खोलीही मिळणार होती. “तुझ्याकडे मला काही कमी नाही रे दादा, पण घर तुझं आहे,” एवढेच ती म्हणाली. देवस्थानचे पंच नानासाहेब तिच्या हातचे जेवून पाहण्यास यावयाचे ठरले, ते नेमके एकादशीस.

दोनच दिवसांपूर्वी, शाळेत रसायन शिकविणाऱ्या माझ्या मुलाने, विष्णूने, ओटीवर मॅग्नेशियमची तार पेटवून दाखविली होती. डोळे दिपले आणि तारेच्या जागी पांढरी राख उरली.

“अप्पा, ही राख म्हणजे तो धातू आणि हवेतला प्राणवायू यांचं संयुग. हा धातू सृष्टीत एकटा सापडतच नाही. गंधकाम्लाशी संयोग झाला की मिठासारखे खडे होतात. या बरणीत तेच आहेत.”

“समुद्राचे नव्हेत ना?”

“नाही, हे दगडापासून केलेले. डॉक्टर औषध म्हणून...”

“सैंधवही औषधच आहे,” असे म्हणून मी त्याचे वाक्य तेथेच संपविले.

उपवासास आम्ही समुद्राचे मीठ घेत नाही, खाणीतले सैंधव घेतो. एकादशीस सकाळी ते संपलेले निघाले. द्वारका घाबरली. मी विष्णूची बरणी तिच्यापुढे ठेवली. (दगडापासून झाले ते उपवासास चालते, हा निर्णय मी स्वतःच दिला.)

“दादा, हे कडू लागतंय.”

“शुद्ध वस्तू आरंभी कडूच लागते.”

“पण खारट नाही लागत.”

“मग आणखी घाल.”

तिने तीनदा घातले.

नानासाहेबांनी भगरीचा पहिला घास घेऊन आढ्याकडे पाहिले. “चव जरा निराळी आहे.”

“सात्त्विक आहे,” मी म्हणालो आणि शास्त्राच्या मानासाठी दुसऱ्यांदा वाढून घेतले. मग त्यांनाही घ्यावे लागले.

दुपारी परसाकडच्या वाटेवर हाती तांब्या घेतलेले आम्ही दोघे समोरासमोर आलो. “शास्त्रीबुवा, आपण आधी,” ते म्हणाले. दुसऱ्या भेटीत मी त्यांना तोच मान दिला. तिसऱ्या भेटीत सौजन्यास सवड नव्हती.

निघताना त्यांचा चेहरा उतरला होता. “बाईंच्या हाती देवाचा नैवेद्य कसा सोपवावा?”

द्वारकेने माझ्याकडे पाहिले. मी तांब्याकडे पाहिले.

सायंकाळी विष्णू म्हणाला, “अप्पा, ते जुलाबाचं मीठ होतं. मी सांगतच होतो.”

खरे बोलण्याचे बळ मला चौथ्या दिवशी आले. कल्याणास जाऊन सर्व कबूल केले. नानासाहेब खूप हसले, मग हळूच म्हणाले, “त्याच दिवशी बोलायचं होतंत. कालच दुसऱ्या बाई रुजू झाल्या.”

घरी येऊन द्वारकेस सांगितले. ती तांदूळ निवडीत होती. “भगर बिघडली त्याचं काही नाही, दादा. तू गप्प बसलास,” ती म्हणाली, आणि उठून माझे पान वाढले. आजही तीच वाढते, आणि मी पानात पडेल ते निमूटपणे जेवतो.

वाचकहो, गजानन तुमच्या घरी आरोग्य नांदवो, तुमच्या बहिणींची इच्छा पुरी करो, आणि तुमच्या स्वयंपाकघराचे माझ्यासारख्या विद्वानांपासून रक्षण करो.