बिजहाकाकूंची सही

बिजहाकाकूंवर लिहा, असं मला अनेकांनी सुचवलं. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी तर दोनदा विचारणा झाली. दोन्ही वेळा मी मोतीबिंदूचं कारण पुढे केलं. मोतीबिंदू काढून सहा वर्षं झाली, मला ऐंशीवं लागलं. आता कारण उरलेलं नाही.

बिजहा म्हणजे छत्तीसगढीत बियाणं. काकू मूळच्या भंडाऱ्याकडच्या, रेल्वेत गार्ड असलेल्या माणसाची विधवा, राहायला रायपूरच्या गुढियारी वस्तीत. त्या दातांनी धान ओळखायच्या. दाणा पुढच्या दातांखाली घ्यायच्या, कट्ट आवाज ऐकायच्या आणि सांगायच्या, "हे दुबराज. पण पाणी कमी पडलं याले." दोन खोल्यांच्या त्यांच्या घरात पलंगाखाली, फळीवर, खिडकीत सगळीकडे वाळवलेले पोकळ भोपळे होते आणि प्रत्येकात वेगळं धान होतं. पाहुण्याला बसायला जागा नसे. काकूंनाही बसायचं नसेच. बोलता बोलता त्या उठत, एक भोपळा हलवत, कानाशी नेत, परत ठेवत. "बस न काकू," म्हटलं की म्हणत, "बसते न. मेल्यावर बसतेच."

बियाणं द्यायची त्यांची एक रीत होती. गावोगावच्या बायकांकडून त्या ती शिकल्या होत्या. घेणाऱ्यानं दोन्ही हातांची ओंजळ करायची. काकू मूठभर धान टाकताना त्याचं नाव घेणार, घेणाऱ्यानं ते मोठ्यानं म्हणायचं. पीक आलं की एकाच्या दोन मुठी परत आणायच्या. त्यातली एक घरात राही, दुसरी पुढच्या ओंजळीत जाई. या व्यवहारात कागद नव्हता. तो मी आणला.

मी तेव्हा शंकर नगरातल्या एका सरकारी बियाणे कार्यालयात बाबू होतो. नवं राज्य नुकतंच झालं होतं. भाड्याच्या बंगल्यांतून खाती चालत होती, फाइली ट्रकनं येत होत्या. पहिल्याच भेटीत काकूंनी मला सुनावलं, "तुमच्या ऑफिसात धान कागदावरच पिकते न रे बाबू?" तरी त्यांनी मला येऊ दिलं. नावं विसरली जातील, लिहून ठेवू, असं मीच सुचवलं. दोन पावसाळे दर रविवारी जाऊन मी चार रजिस्टरं भरली. कोणतं धान, कोणत्या गावचं, कोणत्या मातीत, कोणत्या दुखण्यात खायचं. ते काम मी मनापासून केलं. हे एवढं माझ्या बाजूचं आहे, म्हणून आधी सांगून टाकतो.

त्याच सुमारास शहरात कृषी मेळा भरला. एका बियाणे कंपनीच्या स्टॉलवर काकूंनी चकचकीत पाकीट हातात घेतलं आणि विक्रेत्याला विचारलं, "भैया, इसका धान अगले साल बो सकते हैं?"

"नहीं माताजी. हर साल नया पैकेट."

"तो ये बीज काहे का? ये तो टिकट है. एक बार का सफर, उतरो, फिर खरीदो."

भोवतालची माणसं हसली, विक्रेताही हसला. काकू हसल्या नाहीत. घरी रिक्षातून उतरताना त्या मला म्हणाल्या, "बाबू, हे लोकं आपल्या घरी येतीन पाहाय."

ते आले, पण माझ्या हातानं आले. कर्मचाऱ्यांची दोन राज्यांत वाटणी चालू होती. माझं नाव जुन्या राज्याकडे जाणाऱ्या यादीत असल्याची कुजबुज होती. बायकोचं दुखणं, मुलीची शाळा, नुकतं बांधलेलं घर, सगळं रायपुरात. साहेबांनी बोलावून सांगितलं, "ती रजिस्टरं आणि वाण आणा. बाईंची या फॉर्मवर सही घ्या. तुमच्या नावाचं मी बघतो." फॉर्म इंग्रजीत होता. मी तो चहाच्या टपरीवर उभा राहून दोनदा वाचला. वाण जपण्यासाठी शीतगृहात ठेवू, असं पहिल्या पानावर होतं. कार्यालय ते कुणालाही वापरायला देऊ शकेल, त्यांवरचा माझा हक्क मी स्वखुशीनं सोडते, असं दुसऱ्या पानावर होतं.

काकूंनी कागद पाहिलाही नाही. "तू आणलास न? मंग मले काय वाचाचं हाय." सही केली आणि प्रत्येक भोपळ्यातली एकेक मूठ काढून दिली. प्रत्येक मुठीला नाव घेतलं. मी ते मागून म्हटलं.

माझं नाव रायपूरच्या यादीत राहिलं.

पुढच्या वर्षी वाण एका कंपनीला द्यायचं घाटतंय, ही बातमी फुटली. गावागावांतून बायका धानाच्या पेंढ्या घेऊन आमच्या फाटकाशी बसल्या. पुढे काकू होत्या. तीन दिवस घोषणा चालल्या. चौथ्या दिवशी साहेबांनी मला फाइल आणायला सांगितली. ती मी फाटकापर्यंत नेली. साहेबांनी कागद उंच धरला. "तुमच्याच बाईंनी लिहून दिलंय. स्वखुशीनं."

काकूंच्या शेजारची बाई म्हणाली, "तैं बेच डारे का, दीदी?" तू विकून टाकलंस का?

काकूंनी कागद पाहिला. मग साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोट दाखवणार. त्या एवढंच म्हणाल्या, "दस्तखत मोर आय." सही माझीच आहे.

आंदोलन थांबलं नाही. गवगवा इतका झाला की कंपनीनं काढता पाय घेतला. वाण शीतगृहात कुलपाआड राहिले. पण काकूंना त्या विजयाच्या सभेला कुणी बोलावलं नाही. नंतरचे दोन हिवाळे त्या बसनं, पायी, गावोगाव हिंडल्या. मी विकलं नाही, म्हणून सांगायला. काही दारं उघडली, बरीच नाहीत. एका घरात त्यांनी पुढे केलेली मूठ कुणी ओंजळीत घेतली नाही. दोन मुठी परत आणणारी माणसं हळूहळू यायची थांबली. धान दर वर्षी मातीत गेलं नाही तर मरतं. काकूंचे भोपळे एकेक करून मुके झाले.

मी निवृत्त झालो, तेव्हा त्या बीरगावला मुलीकडे राहत होत्या. मी गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये तीनदा मनात म्हणून घेतलं होतं. त्यांनी चहा केला, तो होईपर्यंत चार वेळा आतबाहेर केलं. मग समोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाबू, एक गोष्ट सांगू? माह्या मनात तुह्याबद्दल काही नाही. तुलेही त्या साहेबानं फसवलंच असंन. तू काहून वाचशील तो कागद? तू तर आपला मानूस."

वाक्य माझ्या जिभेवर होतं. त्यांच्या चेहऱ्यावर अनेक वर्षांनी कुणावर तरी विश्वास टाकल्याचं समाधान होतं.

"हव काकू," मी म्हणालो. "मीही नव्हता वाचला."

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मी माफी मागायला गेलो होतो आणि त्यांच्याकडून निर्दोष ठरून आलो.