बाईंचे नापास भोपळे

कोवळ्या भोपळ्याला सरळ बोट दाखवायची तुमची हिंमत आहे का?

हसू नका. विज्ञानाच्या पदव्या घेतलेल्या, स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या, मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरात चार बेडरूमचं घर बांधून बसलेल्या कितीतरी मराठी माणसांना मी वेलीसमोर उभं करून हा प्रश्न विचारला आहे. तर्जनी ऐटीत वर उठते आणि आयत्या वेळी आपोआप दुमडते. लहानपणी कोणीतरी डोक्यात ओरडून ठेवलेलं असतं, "बोट दाखवू नकोस, कुजेल!"

बाईंची तर्जनी उठतानाच दुमडलेली असायची. त्या पेरानं भोपळा दाखवायच्या, हवेतल्या एखाद्या दारावर टकटक केल्यासारखा. मी पहिल्याच दिवशी जाब विचारला.

"मुलांना बोट दाखवलं की सुधारतात," बाई म्हणाल्या, "आणि भोपळ्याला दाखवलं की कुजतो. अख्ख्या नोकरीचा अनुभव आहे."

"भोपळ्यांचा?"

"मुलांचा."

बाई बार्शीच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मेलबर्नला मुलाकडे तीन महिन्यांसाठी आल्या आणि करोनानं त्यांच्या मागे देशाचं दार बंद झालं. तीन महिन्यांचे दोन उन्हाळे झाले. फुटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, मैदानामागे कौन्सिलच्या जमिनीवर आमची सामुदायिक बाग होती. तिथे मुलाच्या नावावर त्यांनी एक वाफा घेतला, आणि तो नेमका माझ्या वाफ्याला लागून निघाला. मी तेव्हा युनिव्हर्सिटीत शिकत होते, संध्याकाळी वेअरहाऊसमध्ये खोकी भरत होते, आणि उरलेल्या वेळात जगाचा निषेध करत होते.

निषेध माझ्या रक्तात आहे. आई-वडील चळवळीतले. मी बाराखडी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. एका बाजूला 'ग गवताचा', दुसऱ्या बाजूला 'गंडेदोरे फेकून द्या'. तेव्हा बाईंचं ते दुमडलेलं बोट मला सहन होणं शक्यच नव्हतं. त्या मला 'क्रांतिकारक' म्हणायच्या. "या क्रांतिकारक, आज कोणाचं राज्य उलथवलं? आधी ते गवत उपट."

बाईंनी त्या वाफ्यावर शाळा भरवली होती. सकाळी आल्या की आधी हजेरी.

"घेवडा! सरळ उभं राहायचं, काठीला टेकायचं नाही, धरायचं! टोमॅटो, मागे बडबड पुरे! हाताचं अंतर घ्या, हाताचं अंतर!"

आता हाताचं अंतर हा त्या दिवसांत सरकारी हुकूमच होता. त्यामुळे बाईंनी आवाज दिला की आजूबाजूच्या वाफ्यांवरची ग्रीक, व्हिएतनामी, पंजाबी माणसंही हात पुढे करून मागे सरकायची. मास्कमुळे सगळ्यांचे आवाज बसले होते. बाईंचा आवाज मात्र मास्कमधून गाळला जाऊन जास्तच धारदार होऊन यायचा. कुंपणावरची मॅगपाय पक्ष्यांची जोडी त्या बोलायला लागल्या की गप्प व्हायची.

शिक्षा एकच होती. नापास. वांगी नापास, कारण फूल आलं आणि फळ नाही. दुधी नापास, कारण हजेरीच नाही. कोथिंबीर पहिल्याच उष्ण वाऱ्यात तुरे काढून मोकळी झाली, तेव्हा बाई मला म्हणाल्या, "शाळा सोडून पळाली गं. वळण नव्हतंच."

मला वाटायचं, या बाईंना ओरडायची हौस आहे. मग एकदा त्यांचा डबा परत द्यायला मी घरी गेले.

दार उघडलं आणि बाई कुजबुजल्या, "ये."

मी दचकले. मुलगा हॉस्पिटलमध्ये अतिदक्षता विभागात नर्स. रात्रभर ड्यूटी, दिवसा झोप. सून डायनिंग टेबलावर कानात हेडफोनचे बोळे घालून मीटिंगमध्ये. बाई लोकरी मोजे घालून घरात तरंगत होत्या. कुकरची शिट्टी व्हायच्या आत त्या धावत जाऊन गॅस बारीक करत. बशी ठेवताना खाली आधी रुमाल ठेवत.

"चहा घेतेस?" हे त्यांनी खुणेनं विचारलं. "नको," हे मीही खुणेनंच सांगितलं.

"पोरगा माणसं वाचवून येतो," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "त्याची झोप मोडणं पाप. तू वाफ्यावर ये. तिथे बोलू."

मग समजलं. चोवीस तासांत बाईंना स्वतःचा आवाज वापरायला मिळायचा तो फक्त त्या वाफ्यावर.

आणि नेमका तोच वाफा जायची वेळ आली.

लॉकडाऊननं घरोघरी शेतकरी पैदा केले होते. वाफ्यासाठी ही मोठी रांग. कमिटीनं ठरवलं की ईस्टरनंतर, म्हणजे इथला उन्हाळा सरला की, पाहणी करायची, आणि ज्या वाफ्यावर काहीच पिकलेलं नसेल तो रांगेतल्या पुढच्या माणसाला द्यायचा. हे सांगायला बागेचा सेक्रेटरी टोनी आला. टोनी इटालियन, सत्तरीचा, गुडघ्यांनी अधू आणि मनानं मऊ. "सॉरी, मिसेस," तो म्हणाला, "रूल आहे."

बाईंचा वाफा तेव्हा एका वेलीनं गिळला होता. सुपरमार्केटातल्या लाल भोपळ्याच्या बियांपासून आलेली वेल. पानं छत्रीएवढी, फुलं पिवळीधमक. फळं मात्र लिंबाएवढी व्हायची, पिवळी पडायची आणि गळायची. एकूण एक.

"कोणीतरी बोट दाखवतंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

माझ्यातलं घराणं जागं झालं. त्याच दिवशी मी पत्रक लिहून अवजारांच्या शेडवर चिकटवलं. 'बोट दाखवा, भोपळा वाचवा! भीतीच्या वेलीवर विवेकाचं फळ धरत नाही!' दुसऱ्या दिवशी तेच पत्रक लाल शाईनं तपासून माझ्या वाफ्यावर दगडाखाली ठेवलेलं. खाली शेरा होता, 'अक्षर बरे. आशय नापास. वेल म्हणजे काय ते आधी पाहा.'

मी म्हटलं, ठीक आहे, प्रयोग करू. अर्धी वेल माझी, अर्धी बाईंची. माझ्या बाजूच्या प्रत्येक फळाला मी रोज ताठ बोट दाखवणार, त्यांच्या बाजूला कोणी नाही. निकाल लागला. दोन्हीकडची सगळी फळं गळाली. वेलीवर पूर्ण समता आली.

"बघा! न दाखवलेलीही गळाली!" मी ओरडले.

"तुझ्या बोटाची दहशत पलीकडेही जाते," बाई म्हणाल्या. "भजी घे."

हो, भजी सांगायची राहिली. या सगळ्या काळात बाई रोज सकाळी भोपळ्याची फुलं खुडून न्यायच्या, डाळीच्या पिठात तळायच्या आणि डबा भरून आणायच्या. डबा कुंपणाच्या खांबावर ठेवायचा, हाताचं अंतर मागे व्हायचं, मग आपण जाऊन उचलायची. कुरकुरीत, ओवा घातलेली, आत फुलाचा मऊ गोडवा. अंधश्रद्धेवरची माझी जहाल भाषणं त्या भज्यांवर पोसली आहेत. टोनीही खायचा. त्याच्या आईच्या हातची आठवण येते म्हणायचा आणि दोन जास्त उचलायचा.

एका सकाळी टोनीनं तोंडात भजं असतानाच विचारलं, "मिसेस, रोज इतकी फुलं आणता कुठून?"

बाईंनी दुमडलेल्या बोटानं वेल दाखवली. मी मधे दुभाषी.

"त्याला सांग, दोन जातीची फुलं येतात. काहींच्या मागे इवलंसं फळ असतं. ती गुणी, त्यांना मी हात लावत नाही. बाकीची नुसती लांब देठावर मिरवतात. काम नाही, धाम नाही. ती मी उजाडताच खुडते."

मी भाषांतर केलं. टोनी चावायचा थांबला.

"सगळी?"

"ऑल," बाई अभिमानानं स्वतःच म्हणाल्या. "एव्हरी डे."

टोनीनं हातातलं भजं दोन्ही हातांनी अलगद डब्यात परत ठेवलं. डोक्यावरची टोपी काढली.

"मिसेस, ते मुलांचे बाप आहेत. तुम्ही रोज सकाळी बाप तळताय."

मी हे मराठीत सांगितलं. नर फुलंच उरली नाहीत तर पराग कुठून? मधमाशा काय पिशवीतून आणणार? माझ्याकडे बुवाबाजीवर ढीगभर पत्रकं होती, भोपळ्याच्या संसारावर एकही नव्हतं. आम्ही दोघी उन्हाळाभर बोटावरून भांडत होतो, आणि भांडताना खात काय होतो, तर कारण.

बाईंनी डब्याला झाकण लावलं. मग म्हणाल्या, "जन्मभर मागच्या बाकावरच्या पोरांना वर्गाबाहेर काढलं गं. सवय जाते होय?"

दुसऱ्या दिवसापासून खुडणं बंद. पण उन्हाळा कलायला लागला होता, मधमाशांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. टोनी म्हणाला, हातानं करू. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलाच्या मधोमध हळूच टेकवायचं.

"असं पळवून नेल्यासारखं चालणार नाही," बाई म्हणाल्या. "मुलगी माझ्या घरची आहे. रीतसर लग्न लागेल."

"रीतसर म्हणजे?" मी बाह्या सरसावल्या. "मुहूर्त, मंगलाष्टका, कर्मकांड? माझा विरोध आहे. नोंदणी विवाह करा."

"आणि नुसती सही करून मुलगी पाठवू? अक्षता तरी पडल्या पाहिजेत."

"तांदूळ वाया घालवायचे नाहीत!"

वाटाघाटी झाल्या. टोनी रजिस्ट्रार. मी साक्षीदार. अक्षता म्हणून कोंबडीखताच्या गोळ्या, म्हणजे वेलीलाही आहेर. त्या दिवसांत लग्नाला किती माणसं चालतील याचा नियम सारखा बदलायचा, म्हणून आम्ही तिघंच, मास्क लावून, हाताच्या अंतरावर. टोनीनं नवरदेव पुढे केला. बाईंनी श्वास घेतला.

"शुभमंगल... साऽवधान!"

मैदानावर कुत्रा फिरवणारा एक गृहस्थ जागच्या जागी ताठ उभा राहिला. कुत्राही बसला. खताच्या गोळ्या पडल्या. टोनीनं डोळे पुसले आणि वास फार येतो असं कारण सांगितलं.

त्या आठवड्यात आम्ही बरीच लग्नं लावली. टिकलं एक. ते मात्र टरारून फुगलं. बाईंनी खाली पेंढा घातला, उन्हाच्या बाजूला जुनी ओढणी बांधली. हजेरीत आता एकच नाव होतं, आणि ते इतक्या मोठ्यानं घेतलं जायचं की मैदानावर फुटी खेळणारी पोरं पलीकडून 'प्रेझेंट!' म्हणून ओरडायची.

पाहणीच्या दिवशी बाई इस्त्रीची कडक साडी नेसून आल्या. पायात गमबूट. सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. घरातला आवाज त्यांनी बागेत आणला होता, आणि मला तो ऐकवत नव्हता.

कमिटीची अध्यक्षीण उंच, कडक, हातात पॅड. तिनं पानांकडे पाहिलं. "यात काही पिकलंय का?"

टोनीनं पानं बाजूला केली. भोपळा दिसला. गरगरीत, राखाडी-हिरवा, मांडीवर घेण्याएवढा.

"ओ, दॅट वन!" अध्यक्षीण म्हणाली आणि तिनं ताठ बोट त्याच्यावर रोखलं.

"बोट खाली!"

हे दोन जणींनी एकाच वेळी म्हटलं होतं. एक बाई. दुसरी कोण, हे मी इथे लिहिणार नाही. चळवळीतली माणसं वाचतात.

अध्यक्षीणबाईंनी बोट खाली घेतलं, पॅडही छातीशी धरलं. काय झालं ते तिला कळलं नाही, पण पुन्हा करायचं नाही हे कळलं. "ब्यूटिफुल पम्पकिन," ती पुटपुटली. टोनीनं अंगठा वर केला. वाफा राहिला.

"पास," बाई म्हणाल्या. भोपळ्याला की आम्हाला, कोण जाणे. मग त्यांनी तेच एकदा मोठ्यानं म्हटलं, आणि कुंपणावरच्या मॅगपाय उडाल्या.

त्या भोपळ्याचे घारगे झाले. सगळ्या वाफ्यांना मिळाले, अध्यक्षीणबाईंना दोन जास्त.

पुढे एक लांबलचक हिवाळी लॉकडाऊन गेला. बाईंनी मुळा, मेथी आणि एक फारच उद्धट कोबी शिकवला. मग विमानं सुरू झाली आणि त्या बार्शीला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "गवत उपट, क्रांतिकारक. भाषणानं जात नाही ते."

काही दिवसांनी त्यांचा मुलगा शेडची किल्ली परत द्यायला आला. इतक्या काळात पहिल्यांदाच. डोळ्यांखाली काळं, अंगावर ड्यूटीचे कपडे. वाफ्याकडे बघत उभा राहिला.

"आई इथे काय करायची गं दिवसभर?"

"ओरडायची."

"आई?" तो हसला. मग हसणं थांबलं. "घरी तर काहीच बोलायची नाही. आय थॉट... मला वाटलं, म्हातारी झाली."

मी त्याला हजेरीची नक्कल करून दाखवली. जमेल तेवढ्या मोठ्यानं. पलीकडच्या वाफ्यावरून टोनीनं हात पुढे केला आणि तो मागे सरकला. मुलगा मातीत उकिडवा बसला आणि म्हणाला, "परत एकदा कर."

तो वाफा आता माझ्या नावावर आहे, आणि पुढच्या पाहणीपर्यंत मी तो रिकामा ठेवला आहे. तेव्हा ऐका. यंदा तुमच्याकडे कोणाची आई, सासू, आत्या आली असेल, तुमची मीटिंग चालू असताना मोजे घालून घरात फिरत असेल, तर शनिवारी सकाळी तिला बागेत घेऊन या. बियाणं आहे, खत आहे, गमबूट आहेत. तिला भाजीतलं काही कळलं नाही तरी चालेल. फक्त तिला सोडून लगेच निघून जाऊ नका. गाडी बंद करा, फोन खिशात ठेवा, कुंपणापाशी उभे राहा, आणि तिचा आवाज केवढा आहे ते ऐका.