टाकून द्यायची नळी

आमच्या मावसबहिणीइतकी गाळणारी-चाळणारी बाई मुलुंडमध्येच काय, उभ्या मुंबईत सापडायची नाही. प्रयोगशाळेत ती ऑपरेशनमध्ये काढलेल्या चरबीतून मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, वेगळ्या करते. चरबी बारीक करायची, गाळायची, पेशींना चमकणारा रंग लावायचा आणि फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रात लेझरपुढून त्या एकेक करून सोडायच्या. पडद्यावर प्रत्येक पेशीचा ठिपका उमटतो. हव्या त्या ठिपक्यांभोवती ताई कुंपण आखते, त्याला ती गेट म्हणते. आतल्या पेशी एका नळीत, बाहेरच्या दुसऱ्या. एक गुठळी राहिली तरी यंत्र तुंबतं, म्हणून तिच्या घरी चहासुद्धा दोनदा गाळतात. लग्नात नवरा-बायको चिकटून उभे दिसले की ही हळूच म्हणते, "पेशींची अशी चिकटलेली जोडी आली ना, की मशीन फसतं. एकच समजतं."

माणसांनाही तिचं गेट असायचंच. उशिरा येणारे बाहेर, न विचारता सल्ला देणारे बाहेर. सख्ख्या धाकट्या भावाने एका बारशाला चारचौघांत "आमची ताई चरबी चाळते" म्हटलं, तर तोही बाहेर. तो राहतो नाहूरला, एका स्टेशनाच्या अंतरावर, पण तेव्हापासून बोलणं बंद.

एकदा मी हौसेने तिचं यंत्र बघायला गेलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत एसीच्या गारठ्यात मी तिचा जादाचा स्वेटर घालून बसलो होतो. कुणा आजीबाईंनी संमतीने दिलेला त्या दिवशीचा चरबीचा नमुना पुन्हा मिळणारा नव्हता. काम संपलं आणि बघतो तर हव्या पेशींची नळी जवळजवळ रिकामी. ताईचा चेहरा असा उतरला की मलाच भरून आलं. पण तिची एक रीत आहे. नकोशांची नळी पुन्हा तपासल्याशिवाय ओतायची नाही. तिने ती परत यंत्राला लावली. पेशी होत्या की तिथेच, फक्त जरा फिक्या चमकत होत्या. तिने कुंपण सैल केलं आणि नळी भरू लागली.

"माझंच गेट टाइट होतं रे," ती म्हणाली.

खाली टपरीवर चहा घेताना मी म्हटलं, "मग नाहूरची नळी पण एकदा बघ ना परत."

"तू गप रे."

तिने कप बाकावर ठेवला. मग तिने फोन लावला. पलीकडून भावाने उचलला आणि काय झालं म्हणून विचारलं असावं.

"काही नाही रे," ती म्हणाली. "चरबी चाळून दमले."

तो काय बोलला, मला ऐकू आलं नाही. ताईने चष्मा काढून ओढणीला पुसला. चहावर तोवर साय धरली होती. तो तिने न गाळता, सायीसकट तसाच पिऊन टाकला.