पाव्हणं कोण म्हणायचं?

लातूर नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. कलेक्टर कचेरीत टंचाईच्या कामाला कारकून हवे होते. मुलाखत अकराची. मुरुडहून मी उजाडतानाच सायकलवर निघालो आणि अर्ध्या वाटेत मागचं चाक बसलं. कॅरिअरला मॅट्रिकपासून बी.ए.पर्यंतची सगळी सर्टिफिकेटं होती. पंचर काढायचं सामान मात्र औषधालाही नव्हतं.

समोरून एक काका सायकलवर आले. कॅरिअरला पाण्याचे दोन कॅन, हँडलला आड शेंदायची बादली. मी हात करायच्या आधीच उतरले. सायकलवाल्यांचा तेव्हा कायदाच होता तो: चाक बसलेलं दिसलं की उतरायचं, विचारायचं काही नाही.

अकराला मुलाखत आहे, मीच सांगून टाकलं.

"मुलाखतीला? आरं मग बगतोस काय, आडवी कर सायकल!"

पिशवीतून पाना, कानस, सोल्युशन, हवेचा छोटा पंप निघाला. आधी वाल गळतोय का ते थुंकी लावून बघायचं. पण दोघांच्याही तोंडाला कोरड.

"जिल्हा आला आन् थुकी गेली," काका म्हणाले आणि अर्धा कॅन बादलीत ओतला. पाणी दोन कोसांवरून आणलेलं, घरी नातवंडं वाट बघत बसलेली, हे ओतता ओतता त्यांनीच सांगितलं. मला कसंतरी झालं.

"नको हो काका."

"गप. पानी कुटं जातंय? फडक्यानं गाळून प्येतील की."

मी दोन्ही हातांनी ट्यूब पाण्यात दाबून धरली, ते फिरवत गेले. बुडबुडा आला. "घावलं बेनं!" ते असे ओरडले की जणू विहिरीलाच पाणी लागलं.

ठिगळ चिकटवून झालं. बादली उचलून ते पाणी परत कॅनमध्ये ओतायला वाकले आणि सहज म्हणाले, "पाव्हणं कोण म्हणायचं?"

आमच्याकडे हा प्रश्न नावाचा नसतो, जातीचा असतो. बौद्ध, मी सांगितलं.

बादली तिथंच थांबली. "रबराचा लई वास लागलाय जनू," ते पुटपुटले आणि सगळं पाणी बाभळीच्या बुडाशी ओतलं. मघाशी तोच वास चालत होता. मला संताप आला, रडूही आलं. बरं, माणूस वाईट म्हणावा तर टायर त्यांनीच चढवला, हवा भरली, उरलेलं सोल्युशन माझ्या खिशात कोंबलं. ट्यूबलाही माझेच हात लागले होते. तिचा त्यांना विटाळ झाला नाही.

"पळ आता. सायेब हो."

वेळेवर पोचलो. साहेबांनी विचारलं, "मुरुडच्या रस्त्यानं आलात ना? तिकडं पाण्याची काय परिस्थिती?"

"आहे की, साहेब. बाभळीला घालण्याइतकं आहे."

रागाच्या भरात बोलून गेलो. साहेबांनी मान खाली घालून कागदावर लिहून घेतलं: पाणी आहे. मला ते उलटं वाचता आलं. ती नातवंडं अजून उंबऱ्यातच बसली असतील.

"खोडा, साहेब," मी म्हणालो. "नाही पाणी."