पूल हरवलेलं गाव

गल्लीत कुजबुज अशी होती, की घड्याळजींनी साठी उलटल्यावर टायपिंगच्या बाईंशी सूत जमवलंय. चारचा ठोका पडला की दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, खिशाचं बटण लावायचं आणि समोरचा, बाईंच्या घराचा जिना चढायचा. खिशात काहीतरी चमकतं, असं इस्त्रीवाला शपथेवर सांगायचा. अंगठीच असणार, दुसरं काय?

चमकायचा तो पेनड्राइव्ह. घड्याळजींच्या घरच्या जुनाट संगणकावर गाव वसवायचा एक खेळ होता. नऊ वर्षं खपून त्यांनी नदीकाठी गाव उभं केलं होतं. परवाच चार कमानींचा पूलही पुरा झाला. पण संगणक धापा टाकू लागला होता. कधी सुरू व्हायचा, कधी नाही. तो कायमचा बसला तर गावही गेलं.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, खेळ जिथे साठतो ती फाईल पेनड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या संगणकावर टाका. झालं!"

'झालं' म्हणायला त्याचं काय जातंय?

दुसरा संगणक बाईंकडे. बाईंनी त्यावर तोच खेळ घातला. पूल व्हायच्या आधीची फाईल आठवड्यापूर्वी टाकून पाहिली, ती चालली आणि तिथेच नव्याने साठवलीही. आता पूल असलेली ताजी फाईल आणायची, ती घड्याळजींनी सकाळीच उचलली होती. पण पेनड्राइव्ह लावल्यावर बाईंच्या संगणकाने विचारलं: या नावाच्या दोन फाईली आहेत, एक गेल्या आठवड्याची, एक पंधरा वर्षांपूर्वीची. कोणती ठेवू?

"पंधरा?" घड्याळजी चक्रावले. "मी तर नऊच वर्षं खेळतोय!"

"मग ही कुणाची?"

"कुणास ठाऊक. भलतंच काहीतरी उचलून आणलं मी. पुसा."

"नक्की ना?"

"बाई, वेळेचं मला विचारता?"

पुसली. खेळ उघडला, तर नदी आहे, पूल नाही. लोक अलीकडच्या काठावर ताटकळलेले. घड्याळजींनी चष्मा पुसला, मग पडदा पुसला.

"सकाळी होता हो!"

घरी बायको दारातच उभी. "कुठे होतात?"

"पूल शोधत होतो."

"बाईंच्या घरात?"

घड्याळजी तडक आत गेले. त्यांनी संगणकाचं बटण दाबलं. गप्प. पुन्हा दाबलं. चौथ्या खेपेला पडदा उजळला आणि गाव उघडलं, पुलासकट! मग पंधरा वर्षांपूर्वीचं ते काय होतं? घड्याळजी डोकं धरून बसले.

बायको खांद्यावरून वाकली. "अहो, कोपऱ्यात साल बघा. आपला मुलगा तेव्हा शाळेत होता."

संगणकातल्या घड्याळाचा सेल कधीच संपला होता. दरवेळी संगणक पंधरा वर्षं मागे जाऊनच जागा व्हायचा आणि ताज्या फाईलवर तीच तारीख ठोकायचा. गल्लीभरची घड्याळं लावणाऱ्या माणसाने घरातलं हे एक कधी पाहिलंच नव्हतं.

"सेल गेलाय," बायको म्हणाली. "एवढं तरी कळतं ना तुम्हाला?"

फाईल पुन्हा उचलली. दुसऱ्या दिवशी चारला बायकोही जिना चढली. बाईंच्या संगणकाने तोच प्रश्न विचारला, घड्याळजींनी डोळे मिटून 'जुनी ठेव' म्हटलं, आणि पूल आला. आठवड्याभरात घरचा संगणक कायमचा बसला.

घड्याळजींचं टायपिंगच्या बाईंशी काही नव्हतं. आधी ते फाईल टाकायला जायचे. नंतर खेळायला.