बोहनीचं ताट

येडशीच्या फाट्यावर उतरून शिवकांताच्या हातची येसर आमटी न खाता जो पुढं गेला, त्याचं नशीबच फुटकं, दुसरं काय! चुलीवरची ज्वारीची भाकरी, भाजलेल्या धान्य-डाळींच्या येसर पिठाची दाट आमटी, पाट्यावरचा ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. बस्स. पनीर मागणाऱ्याला ती सरळ पुढच्या ढाब्याची वाट दाखवते. "आमच्याकडं असलं मिळत न्हाय, दादा," म्हणते, आणि गिऱ्हाईक गेल्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नाही.

आधी ही खानावळ तिच्या राहत्या घरातच होती. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, शाळेतले मास्तर, रामलिंगाच्या दर्शनाला निघालेली माणसं, सगळी तिच्या ओसरीत मांडी घालून जेवली आणि बोटं चाटत गेली. तिच्या आमटीचं नाव पार तिच्या माहेरच्या गावापर्यंत, वाशीपर्यंत गेलं. पण त्याच वाशीत राहणाऱ्या तिच्या बापानं, बब्रुवान आबांनी, लेकीचं लग्न झाल्यापासून तिच्या हातचा एक घास तोंडात घातला नव्हता.

भांडण? छे, छे! रीत आडवी आली होती. लेकीला मूल होत नाही तोवर बापानं तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी जुनी रीत. शिवकांताला मूल झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले, लोकांचं बोलून झालं. आबा यायचे, अंगणात बाजेवर बसायचे, लेकीचं सुखदुःख विचारायचे आणि घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी पिऊन माघारी जायचे. मूल नसल्याचं दुःख तिनं केव्हाच गिळलं होतं. पण सगळ्या मुलखाला जेवू घालावं आणि आपला बाप दारातून उपाशी उठावा, हे काही केल्या घशाखाली उतरत नव्हतं.

आणि बाप तरी कसा? वाशीत कुणाचंही लग्न असो, आमटीच्या कढईपाशी आधी आबांना बोलवायचं. ते चार थेंब तळहातावर घेणार, चाखणार आणि नुसतं "हं" म्हणणार. की मग पंगत बसायची. "हं" नाही आलं, तर आचाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. लहानपणी त्यांच्या धोतराला धरून कढईपाशी उभं राहूनच शिवकांता ही आमटी शिकली होती. आता जग वाहवा करत होतं, पण तिचा जीव अडकला होता त्या एका "हं"मध्ये.

पुढं ओसरी पुरेना, म्हणून यंदा दिवाळीनंतर तिनं आणि नवऱ्यानं, रामकिसननं, फाट्यावर पत्र्याचं शेड टाकलं. नवी चूल घातली. फीत नाही, पाहुणे नाहीत. शिवकांतानं चुलीला हळदकुंकू वाहिलं, आमटी उकळून उतरवली आणि तवा चढवला. पहिली भाकरी फुगत होती तोच वाशीकडची गाडी थांबली आणि धोतराचा सोगा सावरत आबा उतरले. हातात पाण्याची बाटली नव्हती.

आबा तडक बाकावर येऊन बसले. "एक ताट लावा," म्हणाले, जणू ओळखच नाही.

"आबा? तुम्ही... जेवणार?"

"ही चूल तुझ्या घरातली हाय का हाटेलातली?"

"हाटेलातली."

"मग झालं तर. म्या गिऱ्हाईक हाय. वाढ."

शिवकांतानं ताट वाढलं. घाईत ठेचा ताटाबाहेर सांडला. आबांनी मात्र घासाला हात लावला नाही. आधी बंडीच्या खिशातून नोट काढली आणि ताटाशेजारी ठेवली.

झालं! शिवकांता पेटली. "बापाकडून पैसे घेऊन त्याला जेवू घालू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या! ठेवा ते खिशात."

"फुकट खाल्लं तर ते लेकीच्या घरचं झालं. मग म्या उठतो." आणि म्हातारा खरंच उठला हो! वाढलेलं ताट तसंच. बाप हटेना, लेक हटेना. खाण तशी माती.

चुलीत लाकूड सारता सारता रामकिसन म्हणाला. "अगं, बोहनी हाय ती. बोहनीचं गिऱ्हाईक माघारी लावतीस व्हय?"

धंद्याचीही रीत असतेच. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक परत धाडायचं नाही. त्याला उधार नाही आणि फुकटही नाही. शिवकांतानं नोट उचलली, दोन्ही डोळ्यांना लावली, कपाळाला लावली. रोजच्या बोहनीला ती एवढं करत नाही.

आबा बसले. भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली, पहिला घास घेतला आणि डोळे मिटून चावत राहिले. शिवकांता त्यांच्या तोंडाकडं बघत उभी.

"तव्यावरली करपली," आबा डोळे न उघडताच म्हणाले.

ती चुलीकडं धावली. भाकरी काढते न काढते तोच पाठीमागून आवाज आला.

"हं."

शिवकांतानं पदर तोंडाला लावला. रडू कसलं, अभिमानानं ऊर नुसता भरून आला होता. तेवढ्यात एक ट्रकवाला येऊन समोरच्या बाकावर टेकला. आबांचं निम्मं झालेलं ताट बघून म्हणाला, "काय आबा, भारी हाय न्हवं हिची आमटी?"

"वाशीच्या बाजारात लोक मला हेच सांगत्यात," आबा म्हणाले. "म्या आपला नुसती मान हलवायचो. खाल्ल्याबिगर काय बोलणार? चोरावानी वाटायचं. आता म्या सांगीन सगळ्यास्नी." मग त्यांनी मान ताठ केली. "लेक हाय माझी."

रिकामी वाटी त्यांनी शिवकांतापुढं धरली. ती नुसती बघतच राहिली, तसे आबा खेकसले.

"बघतीस काय? वाढ की, माय. पैसे दिलेत म्या!"