सलीमभाईसाठी न हलणारं टेबल

वार्ताहराने लिहिलेलं दुसऱ्या दिवशी भज्यांखाली जातं. जे लिहिलं नाही, ते मात्र मित्र चहाच्या टपरीवर पुन्हा पुन्हा सांगत राहतात, आणि दर वेळी त्यात थोडी भर पडते! आमच्या तिघांचे अलीकडचे सगळे किस्से एका टेबलाभोवती जमले आहेत. तिघे म्हणजे अकोल्यात वार्ताहरकी करून म्हातारा झालेला मी, तेल्हाऱ्याहून बातम्या धाडणारा आणि घरची कपाशी पाहणारा बाबूराव, आणि आमचे फोटोग्राफर सलीमभाई.

सलीमभाईंना लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला. ऑफिसने गुलदस्ता पाठवला आणि त्याच आठवड्यात दुसरा फोटोग्राफर नेमला! मी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही.

पुढे हातात थोडा जीव आला. डॉक्टर म्हणाले, बारीक कामं करा. म्हणून सलीमभाई आपला शटर अडकलेला जुना कॅमेरा दुरुस्त करायला घेऊन माझ्या घरामागच्या वर्कशॉपमध्ये आले. पण तिथलं लाकडी टेबल त्यांच्या हातापेक्षा जास्त थरथरायचं. स्क्रू सुटला की थेट जमिनीवर.

एक दिवस त्यांनी कॅमेरा माझ्याकडे सरकवला. "विकून टाका, भाऊ. डावरा फोटोग्राफर भेटते, डावरा कॅमेरा कुठी भेटते? शटर तं उजव्याच बोटाले लागते."

मग बाबूराव टेबलाला लाथ मारून म्हणाला, "टेबलच हललं नाही तं? सिमेंटचं ठोकू ना, बाप्पा!"

*

सिमेंटच्या दुकानात मी सवयीने सुरू झालो. माल कधीचा? पोतं ओलं झालं होतं का? गोदाम कुठे आहे? छत गळतं का?

दुकानदार हात जोडून म्हणाला, "साहेब, सिमेंट घेऊन राहिले का माही चौकशी लावून राहिले?"

*

रेतीची गोष्ट वेगळी. रेतीचोरीवर मी आयुष्यभर लिहिलं. नदी पोखरणाऱ्यांची नावं छापली, धमक्या खाल्ल्या. आता मला दोन-चार घमेली रेती हवी होती.

पहिला रेतीवाला म्हणाला, "रेती नाही."

"मग तुमच्या मागे हा ढीग कशाचा?"

"हे बाजूवाल्याची हाय."

बाजूवाला म्हणाला, ती पहिल्याची! तिसऱ्याने मला गाडीवरून उतरताना पाहिलं आणि दुकानाचं शटर ओढून घेतलं. माझ्या बातमीचा एवढा परिणाम मी पहिल्यांदाच पाहिला!

शेवटी बाबूरावने तेल्हाऱ्याहून एक पोतं आणलं. मी विचारलं, "कुठली आहे?"

"घरच्या बांधकामातली उरलेली हाय. नाही तं मलेच छापून टाकशीन!"

*

माल कालवताना बाबूराव पाण्याची बादली घेऊन उभा. जरा घट्ट वाटलं की ओत! खुर्चीवर बसलेले सलीमभाई ओरडले, "बाबूराव, बातमी नोहे ते! पाणी कमी घाला!"

*

सिमेंट पक्कं व्हावं म्हणून माल भरलेल्या साच्यावर ओली बारदानं टाकून ती रोज भिजवायची होती. आमच्याकडे नळ त्याच्या मर्जीने येतो. त्यावर मी अख्खी लेखमाला लिहिली आहे. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून पाहिलं. "पाण्यासाठी लेख लिहिता, अन् टेबलाले आंघोळ घालून राहिले?"

मी उत्तरासाठी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात बायको म्हणाली, "भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी आहे हो, काकू. सलीमभाईंसाठी टेबल करतायत."

दुसऱ्या दिवशी काकू बादली घेऊन दारात. "आमच्याही तांदळाचं घ्या. माह्या पोरीच्या लग्नाचे फोटो सलीमनंच काढले व्हते."

मग लादी पक्की होईपर्यंत ती बादली रोज आली. सरकारी नळापेक्षा वेळेवर!

*

अशा टेबलात साच्याचा तळ तोच टेबलाचा वरचा भाग होतो. म्हणून सिमेंट चिकटू नये यासाठी तळाशी शहाणा माणूस प्लास्टिक घालतो. आम्ही पत्रकार. आम्ही पेपर घातला!

लादी उलटली तर पेपर तिला चिकटलेला. तारेच्या ब्रशने घासला, दगडाने घोटला. बाकी सगळं गुळगुळीत झालं, पण एका कोपऱ्यात फिकट शाई राहिलीच, तीही उलट्या अक्षरांत. सलीमभाई वाकले. "निगेटिव्ह पाहण्यात जिंदगी गेली यार, मी वाचतो." वाचलं आणि हसायलाच लागले. "भाऊ, हा तं तुमच्या दुश्मनाचा पेपर हाय!"

"माझ्या घरात? माझ्या टेबलावर? आपली रद्दी संपली होती का?" मी कडाडलो.

बायको दारातूनच म्हणाली, "तुमच्या बातम्यांचे अंक मी कपाटात ठेवलेत. सिमेंटखाली घालायला नव्हते ठेवले."

"भाऊची बोलती बंद!" बाबूरावने टाळी वाजवली. "हे पहिल्या पानावर घ्या!"

*

टेबल लोखंडी स्टँडवर चढलं. सलीमभाई रोज दुपारी यायचे. चिमट्यातून स्क्रू निसटायचा, पण टेबलावरच राहायचा. बाबूराव उचलायला धावला की दम मिळायचा, "हात नोका लावू!" त्यांच्या हाताकडे पाहिलेलंही त्यांना खपत नसे. मग आम्ही दोघं त्यांच्याकडे पाठ करून भांडत बसायचो. विषय ठरलेला, पाणी जास्त झालं होतं की नाही.

एका दुपारी भांडण फारच रंगलं. मी बोट उगारून उभा, बाबूराव रिकामी बादली आपटतोय, "माह्यामुळेच टिकलं टेबल!" आणि पाठीमागे आवाज झाला.

खट्.

आम्ही वळलो. कॅमेरा सलीमभाईंच्या डोळ्याला होता. उजवं बोट शटरवर होतं, थरथरत होतं. बाबूरावच्या हातातली बादली तशीच राहिली.

"काहून थांबले?" कॅमेऱ्याआडून सलीमभाई ओरडले. "हात हलला माहा. भांडा ना, अजून एक काढतो!"